रामेश्वरच्या वाटेवरील मुक्काम

कुंभकोणम् शहरातून मायिलाडुतुरैकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कावेरीच्या काठी, तिरुविडैमरुदूर नावाचे गाव आहे. येथील महालिंगस्वामीचे देवालय फार जुने. उत्तरेस श्रीशैलाचा मल्लिकार्जुन, दक्षिणेस तिरुनेलवेलीकडील पुटार्जुन आणि या दोहोंच्या मध्ये असलेला म्हणून हा मध्यार्जुन, असे त्याचे स्थानमाहात्म्य सांगतात. या देवालयात एक रूढी आजही पाळली जाते. पूर्वेच्या गोपुरातून आत गेलेला भाविक त्याच दाराने परत फिरत नाही. तो दुसऱ्या दाराने बाहेर पडतो. वरगुण पांड्य नावाच्या राजाच्या घोड्याखाली नकळत एक ब्राह्मण सापडून मरण पावला आणि त्याचे पिशाच्च राजाच्या मागे लागले. राजा या देवळात शिरला तेव्हा पिशाच्चाला आत येता येईना. ते पूर्वेच्या दाराशी त्याची वाट पाहत बसले. देवाने राजाला पश्चिमेच्या दाराने जाण्यास सांगितले. पिशाच्च अजून तेथेच बसले आहे, अशी कथा आहे. ज्या दाराने यावे त्या दाराने परतू नये, हा त्या कथेचा व्यवहारातील अर्थ.

या गावी आज येणारा प्रवासी बहुधा दोन दिवसांची सवड काढून आलेला असतो. कुंभकोणमच्या परिसरातील नवग्रहांची देवळे, दारासुरमचे ऐरावतेश्वराचे शिल्प, त्रिभुवनमचे कंपहरेश्वर आणि हा महालिंगस्वामी एवढे पाहून रविवारच्या रात्री तो परतीच्या वाटेला लागतो. मुंबई-पुण्याहून विमानाने चेन्नईस किंवा तिरुचिरापल्लीस यावयाचे, तेथून आगगाडीने कुंभकोणम् गाठावयाचे, एक रात्र हॉटेलात काढावयाची. अशा प्रवासात पुष्कळदा असे होते की विमानाचे तिकीट, गाडीचे तिकीट किंवा हॉटेलातील ती एक रात्र यांपैकी एखादी गोष्ट त्याला पैशाने घ्यावी लागत नाही. बँकेच्या कार्डावर, विमान कंपनीच्या खात्यावर किंवा हॉटेलच्या सभासदत्वावर ज्यांना सरसकट ‘पॉइंट’ म्हणतात ते साठलेले असतात आणि त्यांच्या बदल्यात त्याचा मुक्काम होतो. भारतीय रेल्वेच्या तिकिटांसाठीही बँकांची अशी कार्डे निघालेली आहेत. वर्षभर किराणा, पेट्रोल आणि मुलांच्या शाळेची फी यांवर जो खर्च झाला त्यातून ही फुकटची रात्र जन्मास येते. म्हणून फुकट या शब्दाचा येथे थोडा जपून उपयोग केला पाहिजे.

या पद्धतीचा इतिहास फारसा लांबचा नाही. अमेरिकेतील दुकानदार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिऱ्हाइकाला खरेदीबरोबर छापील तिकिटे देत. ती वहीत चिकटवून वही भरली म्हणजे तिच्या बदल्यात एखादी वस्तू मिळे. तीच कल्पना विमान कंपन्यांनी उचलली. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीने आपली योजना जाहीर केली; तीत प्रवासी जितके मैल उडेल तितके मैल त्याच्या खाती जमा होत आणि पुरेसे मैल साठले म्हणजे एक प्रवास विनामूल्य मिळे. इतर कंपन्या, पाठोपाठ हॉटेले आणि मग बँका याच मार्गाने गेल्या. पुढे एक बदल झाला, आणि तो महत्त्वाचा आहे. २०१५ आणि २०१६ या दोन वर्षांत अमेरिकेतील मोठ्या विमान कंपन्यांनी अंतराचा हिशेब सोडून तिकिटाच्या किमतीचा हिशेब धरला. तेव्हापासून तेथे दूर गेलेल्यापेक्षा महाग तिकीट घेतलेल्याच्या खाती अधिक जमा होऊ लागले. या सर्व योजनांचा हेतू मात्र पहिल्यापासून एकच राहिला. आलेल्या गिऱ्हाइकाने पुन्हा त्याच दाराने यावे, शेजारच्या दारी जाऊ नये, यासाठी ही सारी मांडणी आहे. मुदत संपली की पॉइंट बाद होतात, तेही त्याच कारणाने.

आता ज्या जिल्ह्यात तिरुविडैमरुदूर आहे त्या तंजावर प्रांतात प्रवाशाच्या विनामूल्य मुक्कामाचा एक निराळा इतिहास आहे, आणि त्यातील पुष्कळ नावे मराठी घराण्यातील आहेत.

शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरचे राज्य हाती घेतले आणि १८५५ पर्यंत भोसल्यांचे घराणे तेथे नांदले. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांनी १६९३ मध्ये तिरुविडैमरुदूरच्या जवळच असलेले तिरुविशनल्लूर हे गाव चाळीसहून अधिक पंडितांना अग्रहार म्हणून दिले आणि त्याला शहाजीराजपुरम् हे नाव पडले. विद्वानांना गावे देण्याची चाल चोळांपासूनची. मराठ्यांनी ती पुढे चालविली. वाटसरूंसाठी छत्रे बांधण्याची चालही दक्षिणेत पूर्वीपासून होती, परंतु या घराण्याने ती ज्या प्रमाणावर आणि ज्या व्यवस्थेने वाढविली तिला तोड सापडणे कठीण.

‘छत्र’ म्हटले की मराठी माणसाला राजछत्र आठवते आणि त्याबरोबर अन्नछत्रही आठवते. वस्तुतः दुसऱ्या शब्दाचे मूळ छत्रीत नसून ‘सत्रा’त आहे. संस्कृतातील सत्र म्हणजे दीर्घकाळ चालणारा यज्ञ, आणि त्यावरून अखंड चालणारे अन्नदान. तामिळमध्ये त्याचे ‘चत्तिरम्’ झाले, मराठीत अन्नसत्राचे अन्नछत्र झाले. धर्मशाळेत प्रवाशाला छप्पर मिळते, शिधा ज्याचा त्याने पाहावयाचा असतो. तंजावरच्या छत्रात छप्पर आणि जेवण दोन्ही मिळे.

ही छत्रे मुख्यतः सेतूच्या, म्हणजे रामेश्वराच्या वाटेवर होती. काशीचे गंगोदक रामेश्वराला वाहावे आणि सेतूची वाळू काशीला न्यावी, ही यात्रा हिंदुस्थानच्या कानाकोपऱ्यांतून निघालेले लोक पायी करीत. उत्तरेकडून येणारे यात्रेकरू चिदंबरम्, मायावरम् आणि कुंभकोणम् करीत तंजावरला येत. तेथून ओरत्तनाडू, पट्टुक्कोट्टै, समुद्रकाठचे राजामठम्, मग मिमिसल आणि पुढे रामनाथपुरम्, असा त्यांचा रस्ता असे. नकाशावर बोट ठेवून पाहिले तर यांतील कित्येक ठाणी एकमेकांपासून एका दिवसाच्या चालीवर आढळतात. माणूस दिवसभर चालून जेथे थकतो तेथे त्याच्यासाठी चूल पेटलेली असावी, असा हा हिशेब आहे. विमान कंपन्यांनी सोडून दिलेले अंतराचे माप येथे दगडाविटांत बांधून काढलेले होते.

छत्रांना नावे बहुधा राजस्त्रियांची दिली जात. प्रतापसिंहराजांच्या काळचे नीडामंगलमचे छत्र यमुनांबेच्या नावाचे. ओरत्तनाडूचे प्रसिद्ध छत्र सरफोजीराजे दुसरे यांनी मुक्तांबा या आपल्या प्रियेच्या नावाने उभारले. त्या गावालाच मुक्तांबाळपुरम् म्हणत. समुद्रकाठचे सेतुभावाछत्रम् हे तर आज गावाचेच नाव होऊन बसले आहे. अहिल्याबाई होळकरांनी बांधलेले घाट आणि धर्मशाळा महाराष्ट्रातील शाळकरी मुलाला ठाऊक असतात. यमुनांबा आणि मुक्तांबा यांची नावे मात्र कावेरीच्या अलीकडे कोणाच्या कानांवरून गेलेली नसतात. मराठी इतिहासाचे लक्ष पुण्याकडे आणि पानिपताकडे इतके लागून राहिले की तंजावरकडे वळून पाहावयास त्याला सवडच झाली नाही.

प्रत्येक छत्राला गावे आणि शेती तोडून दिलेली असे, आणि त्या उत्पन्नातूनच त्या छत्राचा खर्च चाले. राजाच्या खजिन्यात त्या वर्षी पैसा आहे की नाही यावर वाटसरूचा भात अवलंबून राहू नये, अशी ही योजना होती. कारभाराशी ज्यांचा संबंध येतो त्यांना या एका गोष्टीची किंमत निराळी सांगावयास नको. देणगी जाहीर करणे सोपे असते. ती पन्नास वर्षांनी, दाता गेल्यावरही चालू राहील अशी बांधणे अवघड.

ही व्यवस्था एकदा संकटात सापडली, आणि त्या संकटामुळेच तिचे वर्णन आपल्या हाती आले आहे. तुळजाराजे १७८७ मध्ये वारले. त्यांनी दत्तक घेतलेले सरफोजी लहान होते. कंपनी सरकारने तुळजाराजांचे सावत्र भाऊ अमरसिंह यांना गादीवर बसविले. पुढे सरफोजींचा हक्क मान्य करून १७९८ मध्ये अमरसिंहांना पदच्युत करण्यात आले. परंतु २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने सरफोजींच्या हातूनही राज्य गेले. किल्ला आणि राजवाडा त्यांच्याकडे राहिला. प्रांताचा कारभार कंपनीने घेतला. राजाला वर्षाला एक लाख होन आणि वसुलाचा पाचवा हिस्सा, तर अमरसिंहांना २५,००० होन नेमणूक ठरली. ज्या छत्रांची गावे प्रांतभर पसरलेली, त्यांचे आता काय होणार, हा प्रश्न लगेच उभा राहिला.

जानेवारी १८०१ मध्ये सरफोजीराजांनी तंजावरचे रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना एक पत्र लिहिले. तेवीस वर्षांच्या त्या राजाने राज्य परत मागितले नाही. तंजावरचा लौकिक धर्मराज्य म्हणून सर्वत्र आहे, आणि तो लौकिक हीच आपल्या पदाची सर्वांत मोठी प्रतिष्ठा आपण मानतो. तेव्हा छत्रे आपल्या हातून काढू नयेत, असे त्याने मागितले. मग छत्रांत काय चालते ते त्याने तपशीलवार सांगितले. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत सर्व वाटसरू, तसेच जोगी, जंगम, अतीत आणि वैरागी यांना तयार भात मिळतो. ज्यांना शिजवलेले चालत नाही त्यांना कोरडा शिधा आणि मसाला मिळतो. हे वाटप मध्यरात्रीपर्यंत चालते. मध्यरात्री घंटा वाजवून दवंडी देतात की जो कोणी अजून उपाशी असेल त्याने यावे आणि आपल्यासाठी राखलेला भात घ्यावा. वाटेत आजारी पडून ज्याला पुढे जाता येत नाही त्याला बरे वाटेपर्यंत औषध आणि पथ्याचे अन्न देतात. गरोदर स्त्री आली तर तिची सर्व काळजी घेतात, आणि छत्रातच बाळंत झाली तर तिला पुढे तीन महिने तेथे राहता येते. तान्ह्या मुलांना दूध मिळते. अनाथ मुले पंतोजींच्या हवाली केली जातात आणि त्यांचे शिक्षण होते. वाटसरू मेला तर त्याच्या जातीच्या रीतीप्रमाणे त्याचे अंत्यविधी करतात.

अर्जातील वर्णन आणि रोजचा व्यवहार यांत अंतर असते, हे कोणत्याही कचेरीत काम केलेल्या माणसास ठाऊक आहे. हे पत्र काही वाचवू पाहणाऱ्याचे आहे. त्यात उणिवा येणार नाहीत. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत अन्न मिळे हे खरे धरले तरी ते एका पंक्तीस मिळे असे कोणी म्हणत नाही. कच्चा शिधा आणि शिजवलेला भात हा भेदही मुळात विटाळाच्या कल्पनेतून आला आहे. ही पंक्तिभेदाची चाल छत्रांबरोबर संपली नाही. ती आगगाडीत शिरली. साउथ इंडियन रेल्वेच्या स्टेशनांवरील उपाहारगृहांत ब्राह्मणांसाठी आणि ब्राह्मणेतरांसाठी निराळ्या जागा राखलेल्या असत, पेरियार ई. वे. रामस्वामी यांच्या चळवळीनंतर १९४१ मध्ये तो भेद काढून टाकण्यात आला. सरफोजीराजांच्या काळाचे गोडवे गाताना ही बाजू झाकून ठेवणे बरोबर होणार नाही.

तरीसुद्धा त्या मध्यरात्रीच्या घंटेपाशी मन थांबते. ती कोणाला बोलावीत होती? नियमित येणाऱ्यास ती नव्हतीच. त्याला जेवणाची वेळ माहीत असे. उशिरा पोचलेला, वाट चुकलेला, पहिल्यांदाच आलेला आणि पुन्हा कधी न येणारा असा जो कोणी अंधारात बसला असेल त्याच्यासाठी ती वाजे. काशीकडचा बैरागी एकदा सेतूला जातो. ओरत्तनाडूला त्याचे दुसऱ्यांदा येणे तो परतीच्या वाटेवर असला तरच. जिचे बाळंतपण तेथे झाले ती स्त्री त्या गावात पुन्हा पाऊल ठेवील असे नाही. अशा पाहुण्याच्या नावाने खाते उघडून काय उपयोग? म्हणून छत्राचे खाते पाहुण्याच्या नावावर नसे. ते दात्याच्या नावावर असे आणि त्यात जमा होई ते पुण्य. राजाने पत्रात वापरलेला लौकिक हा शब्द त्याच खात्याचा इहलोकातील आकडा होय. दात्याला काहीच नको होते, असे मानण्याचे कारण नाही. त्याला पुष्कळ हवे होते. परंतु ते तो वाटसरूकडून मागत नव्हता.

कंपनीने राजाचे म्हणणे ऐकले. छत्रांचा कारभार त्याच्याकडे राहिला. सरफोजीराजे स्वतः १८२० नंतर काशीयात्रेस निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर सुमारे ३,००० माणसे होती. इतक्या लोकांना घेऊन शेकडो कोस चालताना वाटेवरच्या चुलीची किंमत त्यांना नव्याने कळली असेल.

पदच्युत झालेले अमरसिंहराजे तंजावर सोडून तिरुविडैमरुदूरला येऊन राहिले. गादी गेलेला राजा आणि त्याचा २५,००० होनांचा संसार या लहानशा देवस्थानच्या गावात मांडला गेला. अमरसिंह १८०२ मध्ये निवर्तले. त्यांचा आणि त्यांचे पुत्र प्रतापसिंह यांचा दरबार गवयांसाठी उघडा असे. घनम् कृष्ण अय्यर यांच्यासारखा कर्नाटक संगीतातील मोठा गायक या दरबारी होता. रामदास नावाचे हिंदुस्थानी गायकही येथे होते, आणि नंदनार चरित्राचे कर्ते गोपालकृष्ण भारती यांनी त्यांच्यापाशी उत्तरेकडचे संगीत ऐकले आणि शिकले. राज्य नसलेल्या घरानेही आल्यागेल्याचा सत्कार सोडला नाही, हे तंजावरच्या दोन्ही प्रतिस्पर्धी शाखांविषयी म्हणता येते.

१८५५ मध्ये शिवाजीराजे दुसरे पुत्रावाचून वारले आणि राज्याचे उरलेले नावही पुसले गेले. छत्रे सरकारकडे आली. पुढे ती लोकल फंडाच्या आणि जिल्हा बोर्डाच्या देखरेखीखाली गेली. येथे इतिहासाने एक चमत्कारिक वळण घेतले. याच तंजावर जिल्हा बोर्डाने लोकांवर रेल्वेपट्टी बसवून स्वतःचा लोहमार्ग बांधला. मायावरम् ते मुत्तुपेट्टै हा मार्ग १८९४ मध्ये सुरू झाला. हिंदुस्थानात जिल्हा बोर्डाच्या पैशाने झालेला हा पहिला लोहमार्ग मानतात. पायी चालणाऱ्या यात्रेकरूची छत्रे सांभाळणाऱ्या मंडळीनेच त्याच्या पायांना विश्रांती दिली. १९१४ मध्ये पांबनचा पूल झाला आणि आगगाडी समुद्र ओलांडून थेट रामेश्वर बेटावर गेली. पूर्वी तंजावरहून ज्या वाटेला कित्येक दिवस लागत ती आता एका रात्रीत सरू लागली. मधल्या मुक्कामांची गरज राहिली नाही. चुली विझल्या, पण गावांचे उत्पन्न येतच राहिले. तेव्हा ते शिक्षणाकडे वळविण्यात आले. ओरत्तनाडूच्या मुक्तांबा छत्राची भव्य वास्तू शाळेच्या आणि विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या कामी आली. पंतोजींच्या हवाली केलेल्या अनाथ मुलांची आठवण ठेवली तर हा वापर मूळ दात्याच्या इच्छेपासून फार दूर गेला नाही.

आजच्या प्रवाशाला छत्र नको आहे. त्याला स्नानगृह असलेली खोली हवी, ठरलेल्या वेळी गाडी हवी, आणि ज्या कंपनीकडे त्याने वर्षानुवर्षे पैसे दिले तिने त्याची ओळख ठेवावी अशी त्याची अपेक्षा असते. त्यात गैर काही नाही. मोठ्या स्टेशनांवर विशिष्ट कार्ड दाखविले म्हणजे वातानुकूलित विश्रामकक्षाचे दार उघडते. दाराबाहेरच्या फलाटावर पथारी टाकून जी कुटुंबे बसलेली असतात त्यांतील कित्येक रामेश्वरलाच निघालेली असतात.

तिरुविडैमरुदूरच्या देवळात भोसले घराण्याची आणखी एक खूण आहे. प्रतापसिंहांच्या नात्यातील अम्मणी अम्माळ नावाच्या राजकन्येचे त्यांच्यावर मन जडले होते. त्यांच्याशी आपला विवाह झाला तर महालिंगस्वामीपुढे एक लक्ष दिवे लावीन, असा नवस तिने केला. हाही एक हिशेबच, आणि त्यात आकडा तिनेच ठरविलेला. मनासारखे झाले तेव्हा तिने लक्षदीप तर लावलेच, शिवाय आपल्याच रूपाची, हातात पणती घेतलेली धातूची मूर्ती १८५३ मध्ये देवापुढे उभी केली. त्या मूर्तीवर तामिळ लेख आहे. तामिळ लोक तिला ‘पावै विळक्कु’ म्हणजे बाहुलीचा दिवा म्हणतात. पूर्वेच्या दाराने आत आलेला प्रवासी तिच्यावरून पुढे जातो आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडतो.